सकळ लिपी आणि संगणकाचा परवाना

सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली, कोणत्या अटींवर वापरावयास द्यावी हा प्रश्न आपल्याकडे आजवर व्यापारी, वकील आणि तंत्रज्ञ यांच्यापुरताच मर्यादित मानला गेला आहे. मराठीच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारल्यास त्यात नवल नाही. परंतु गेल्या तीन-चार दशकांतील छापील मराठी मजकुराचा फार मोठा भाग संगणकावर जुळविला गेला आहे, आणि तो पुढील पिढीस वाचता येईल की नाही हे पुष्कळ अंशी या अटींवर अवलंबून आहे. एवढे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न संहिताभ्यासाच्या कक्षेत आपोआप येतो.

या विषयावर आपल्याकडे मुख्यतः दोन मते मांडली जातात. पहिले मत असे की, आज्ञावली ही तिच्या कर्त्याच्या मालकीची वस्तू होय. तिचे मूल्य द्यावे, ती वापरावी, आणि तिच्या अंतरंगाची चौकशी करू नये. दुसरे मत असे की, ज्ञान मुक्तच असले पाहिजे. आणि या मताचे मराठी पुरस्कर्ते ज्ञानेश्वरांचा दाखला देऊन संतांना मुक्त आज्ञावलीचे आद्य प्रवर्तक ठरवितात. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याशी निगडित असलेल्या दोन आद्य मराठी ग्रंथांच्या इतिहासावर ती तपासून पाहिली, म्हणजे त्यांचा अपुरेपणा स्पष्ट होतो. हे ग्रंथ म्हणजे प्रवरेकाठी नेवाशास सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी आणि याच जिल्ह्यातील सराळे गावच्या म्हाइंभटांनी रचलेले लीळाचरित्र.

ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झाली. गीतेचा अर्थ देशी भाषेत सांगितला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. यापुढे तिची नक्कल करण्यास कोणाची अनुज्ञा लागली नाही. ज्याला गरज वाटली त्याने ती उतरून घेतली, ज्याला गाता आली त्याने ती गायिली. या मोकळेपणाने ग्रंथ घरोघर पोहोचला हे खरे. पण त्याच मोकळेपणाने त्याची संहिता बिघडली हेही तितकेच खरे आहे. नकलाकारांनी शब्द बदलले, भाविकांनी आपल्या ओव्या आत घातल्या. तीन शतकांच्या आत ही स्थिती इतकी विकोपास गेली की, एकनाथांना शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये प्रती मिळवून संहिता शुद्ध करावी लागली.

हे कार्य संपविताना एकनाथांनी जी सूचना जोडली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. या ग्रंथाच्या पाठात कोणी स्वतःची ओवी मिसळील, तर ते अमृताने भरलेल्या ताटात नारळाची करवंटी ठेवण्यासारखे होय, असा तिचा आशय आहे. तिने नक्कल करण्यास, वाचण्यास किंवा अर्थ सांगण्यास मनाई केलेली नाही. नवीन रचना करण्यासही केलेली नाही. स्वतः एकनाथांनी काशीस १५७३ मध्ये भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली विस्तृत टीका पूर्ण केली होती, आणि ती आपल्याच नावाने केली होती. मनाई आहे ती एकाच गोष्टीस : आपले बोल दुसऱ्याच्या नावावर खपविण्यास. संतांनी सर्व काही निर्बंधरहित सोडून दिले, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे येथे टिकत नाही. येथे अट आहे, आणि ती कठोर आहे. पण ती वाचकाच्या हातावर नसून नकलाकाराच्या प्रामाणिकपणावर आहे.

आजच्या मुक्त परवान्यांच्या तरतुदी पाहिल्या तर हाच भेद त्यांतही आढळतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प घोषित केला, आणि १९८९ मध्ये त्याचा सामान्य सार्वजनिक परवाना, म्हणजे जीपीएल, प्रसिद्ध झाला. त्यानुसार मूळ संहिता पाहण्याचा, ती बदलण्याचा आणि पुढे देण्याचा अधिकार प्रत्येकास मिळतो. मात्र बदल करणाऱ्याने आपण बदल केल्याचे व केव्हा केल्याचे नमूद करावे लागते, आणि ती पुढे देताना घेणाऱ्यासही तेच अधिकार द्यावे लागतात. टंकांसाठी, म्हणजे फॉन्टसाठी, जो मुक्त परवाना प्रचारात आहे, त्याची एक अट तर एकनाथांच्या सूचनेच्या फारच जवळ जाते : टंकात फेरफार खुशाल करावा, पण कर्त्याने राखून ठेवलेले मूळ नाव त्या फेरफार केलेल्या टंकास देऊ नये. अर्थात साम्य येथेच थांबते. एकनाथांच्या दृष्टीने मूळ ग्रंथ पूर्ण होता, त्यात सुधारणेस वाव नव्हता. आज्ञावलीचा कर्ता मात्र सुधारणेची अपेक्षाच धरून ती खुली करतो. हा भेद विसरून केलेली तुलना वक्तृत्वास शोभेल, समीक्षेस शोभणार नाही.

आता लीळाचरित्राकडे वळू. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरच्या पादात गावोगाव हिंडून, प्रत्यक्ष साक्षीदारांस भेटून गोळा केल्या. मूळ ग्रंथ पुढे खालशाच्या धाडीत नष्ट झाला, आणि अनुयायांच्या स्मरणातून त्याची पुन्हा जुळणी करावी लागली. त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी सिद्ध केली असे परंपरा सांगते. या लिपीचे तत्त्व साधे आहे : देवनागरीच्या एका अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे अक्षर वा चिन्ह योजावयाचे. ज्याच्यापाशी किल्ली आहे त्याला मजकूर सहज वाचता येतो, इतरांना तो निरर्थक अक्षरांचा समूह वाटतो. सुंदरी, अंक इत्यादी इतर लिप्याही याच हेतूने योजिल्या गेल्या.

या गुप्ततेमुळे पंथाची शास्त्रे पंथाबाहेरील अक्षेपापासून सुरक्षित राहिली, आणि ग्रंथांविषयीचा आदरही दृढ झाला. पण मराठीच्या इतिहासास त्याचे मोल द्यावे लागले. एकोणिसाव्या शतकातील वाङ्मयेतिहासकारांसमोर मराठीचे हे आद्य गद्य नव्हतेच. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीचा उलगडा झाला, १९३० नंतरच्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापून काढले, आणि वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. शेकडो वर्षे मराठी लेखकाला आपल्या भाषेतील सर्वांत जुन्या, सर्वांत जिवंत गद्याचा आदर्श उपलब्ध नव्हता. कुलूप लावल्याने वस्तू हरवत नाही, पण ती परंपरेतून वजा होते. पहिल्या पक्षाने या हानीचा हिशेब कधी मांडलेला नाही.

तथापि न्याय करावयाचा तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सकळ लिपीची किल्ली कधी हरवली नाही. ती सांभाळणे हा पंथात धर्म होता; गुरूकडून शिष्याकडे ती अखंड जात राहिली, आणि महानुभाव जेथे गेले तेथे, पंजाबात आणि त्याही पलीकडे काबूलपर्यंत, ती त्यांच्याबरोबर गेली. म्हणूनच विसाव्या शतकात तिचा उलगडा शक्य झाला.

हीच कसोटी आजच्या मराठी मजकुरास लावून पाहावी. १९९० नंतरच्या दशकात मराठी पुस्तके, नियतकालिके आणि प्रबंध ज्या टंकांत जुळविले गेले, त्यांतील बहुतेकांची रचना अशी होती : संगणकाच्या कोष्टकात जेथे रोमन अक्षरे असावयाची, तेथे देवनागरीचे अर्धे व्यंजन, काना, वेलांटी, रफार असे तुकडे बसविलेले. कोणता तुकडा कोठे बसवावयाचा हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या मर्जीने ठरविले. आज्ञावली चालविण्यास पुष्कळदा संगणकाला जोडावयाची एक भौतिक किल्लीही लागे. ती आज्ञावली व तो टंक नसेल, तर उत्तम मराठी परिच्छेदाच्या जागी रोमन अक्षरांची विसंगत ओळ दिसते. त्या काळातील एखादी फाइल आज उघडणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. अक्षराच्या जागी अक्षर योजण्याची ही क्रिया तत्त्वतः सकळ लिपीहून भिन्न नाही. फरक हेतूचा आहे. आणि त्याहून मोठा फरक असा की, या लिपीस शिष्यपरंपरा नाही. धंदा बंद पडला, उत्पादन मागे घेतले गेले, किल्ली मोडली, की वाचण्याचे साधन संपते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले होते. परंतु मुद्रणव्यवहारात त्याचा स्वीकार होण्यास दीर्घ काळ लागला, आणि मधल्या काळातील संचित आज अर्धवट वाचनीय अवस्थेत पडून आहे.

प्रश्नाची आर्थिक बाजूही टाळता येणार नाही. देवनागरीचा चांगला टंक घडविणे हे शेकडो जोडाक्षरांचे कष्टाचे काम आहे, आणि कारागिरास वेतन मिळालेच पाहिजे. पण वेतन देणे आणि वाचकास कुलूप लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या काळी नकलाकारास मोबदला मिळे, तो नकलेच्या श्रमाचा. ग्रंथ उघडण्याच्या प्रत्येक प्रसंगाचा नव्हे. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' असा जो समज रूढ आहे, तो याच दोन गोष्टींच्या गल्लतीतून निर्माण झाला आहे.

शेवटी हा प्रश्न परराष्ट्रव्यवहारासही भिडतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडिनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि नंतर सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य हा येथील विषय नाही. भारतात काम करणाऱ्या कंपनीचा पत्रव्यवहार दूरदेशी घेतलेल्या निर्णयाने एका दिवसात थांबू शकतो, एवढे या प्रकरणाने दाखविले. केंद्र सरकारने २०१५ मध्येच शासकीय व्यवहारात मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण घोषित केले होते, त्यामागील विचार अशा प्रसंगी उमगतो. किल्ली कोणापाशी आहे, हा प्रश्न किमतीच्या प्रश्नाहून आधीचा आहे.

या विवेचनातून परवान्याची परीक्षा करण्याचे एक साधे गमक हाती येते. मूल्य किती आहे, हे प्रथम पाहू नये; कर्ता आज असला-नसला तरी पुढील वाचकास संहिता उघडता, ताडून पाहता आणि दुरुस्त करता येईल काय, हे पाहावे. मोकळी संहिता बिघडते, हे नेवाशाच्या ग्रंथाने दाखविले. पण प्रती अनेक असल्यामुळेच एकनाथांना ती दुरुस्त करता आली. बंद संहिता टिकते, हे सराळ्याच्या ग्रंथाने दाखविले. पण किल्ली सांभाळणारी माणसे असली तरच. आपल्या विद्यापीठांतील प्रबंध, कोश आणि पाठ्यपुस्तके आज ज्या फाइलींत आहेत, त्यांच्या किल्ल्या सांभाळणारे कोणी नाही. त्या टंकांच्या जाणकारांपैकी जे आज हयात आहेत, त्यांच्या साहाय्याने हा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेणे आणि त्याच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे, हे काम मराठी विभागांनी आता हाती घेतले पाहिजे. भाव्यांना आणि राजवाड्यांना निदान किल्ली विचारावयास महंत होते.