विमान, फिरता पट्टा आणि षष्ठी विभक्ती

विमान एका लांब फिरत्या पट्ट्यावर उभे आहे. विमानाच्या वेगाइतक्याच वेगाने पट्टा उलट दिशेस सरकतो. तर विमान उडेल काय? ह्या शतकाच्या पहिल्या दशकात जगभर गाजलेले हे कोडे पदार्थविज्ञानाची कसोटी म्हणून ओळखले जाते. वस्तुतः ह्या वादाचा एक भाग पदार्थविज्ञानाचा, तर दुसरा वाक्यरचनेचा आहे. आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच वाद मिटत नाही, असे आमचे मत आहे.

'उडणार नाही' म्हणणाऱ्यांच्या मनासमोर मोटार असते. मोटारीचे एंजिन चाके फिरवते आणि चाके जमिनीला मागे रेटतात. विमानाची चाके मात्र बैलगाडीच्या चाकांप्रमाणे केवळ भार वाहतात. चारठाण्याच्या एखाद्या वाटेवर गाडीच्या चाकांखाली उलट सरकणारा पट्टा घातला आणि बैल त्यापुढील स्थिर जमिनीवरून चालत राहिले, तर चाके अधिक गरगर फिरतील. गाडी बैलांमागे जाईलच. विमानाला ओढणारी शक्तीही पट्ट्यावर अवलंबून नसते. एंजिन हवा मागे फेकून विमानास पुढे ढकलते. सुमारे ७० टनांच्या प्रवासी विमानाच्या चाकांचा रोध दीड टन भाराच्या आसपास असतो, तर दोन एंजिनांचा रेटा २० टनांहून अधिक. ३० जानेवारी २००८ रोजी 'मिथबस्टर्स' ह्या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका हलक्या विमानाखालील लांब कापड मोटारीने उलट ओढण्यात आले, विमान उडाले.

तथापि ह्या प्रयोगानेही वाद थांबला नाही, आणि येथे व्याकरणाचा प्रश्न उपस्थित होतो. 'विमानाचा वेग' ह्यातील षष्ठी वेग कोणाचा ते सांगते. कशाच्या सापेक्ष, ते सांगत नाही. तो जमिनीच्या सापेक्ष घेतला, तर चाके दुप्पट वेगाने फिरतात व विमान उडते. काही पाठांत मात्र 'चाकांचा वेग' असे शब्द आहेत. चाक घसरत नसेल, तर त्याच्या परिघाचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग. ही बेरीज केवळ पट्ट्याच्या वेगाइतकी असावी, अशी अट घालताच विमानाचा वेग शून्य ठरतो. येथे उत्तर सिद्ध होत नाही. ते अटीतच गृहीत धरलेले असते. पट्टा अखंड प्रचंड त्वरणाने फिरवून चाकांच्या जडत्वाद्वारे विमान रोखणे तत्त्वतः शक्य आहे. परंतु ते निराळे कोडे होय.

वैमानिकाला अशी संदिग्धता परवडत नाही. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर असो वा अन्यत्र, ज्या विमानास उड्डाणासाठी हवेच्या सापेक्ष १४० नॉट वेग लागतो, त्यास समोरून २० नॉटचा वारा असता जमिनीच्या सापेक्ष १२० नॉट पुरतात. चिकलठाणा व चारठाणा ह्या नावांत असलेला 'ठाणा' हा अंश संस्कृत 'स्थान' शब्दाच्या कुळातील आहे. वेगाच्या विधानालाही असे एक ठाण आवश्यक असते.

ही जाणीव मराठीस परकी नाही. चारठाण्याची मंदिरे ज्या यादवकाळाची साक्ष देतात, त्याच काळात, १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात नावेत बसलेल्यास तीरावरचे वृक्ष धावताना दिसतात, हा दृष्टान्त आहे. तेथे प्रयोजन कर्म-अकर्मविचाराचे आहे, गतिशास्त्राचे नव्हे. परंतु पाहणारा कोठे आहे हे सांगितल्याखेरीज गतीचे वर्णन पुरे होत नाही, ही शिस्त त्यात स्पष्ट आहे. आर्यभटानेही ४९९ च्या सुमारास नावेचाच दाखला तारकांच्या भासमान गतीसाठी दिला होता.

मराठीतून विज्ञानाचे प्रश्न रचणाऱ्यांनी ह्यातून एक गोष्ट घेणे अगत्याचे आहे. इंग्रजी प्रश्नातील संदिग्धता अनुवादात जशीच्या तशी उतरते, आणि तिचा भुर्दंड विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर पडतो. 'वेग' ह्या शब्दाच्या आधी 'जमिनीच्या सापेक्ष' हे दोन शब्द लिहिले असते, तर प्रस्तुत कोड्यात केवळ पदार्थविज्ञानाचा प्रश्न उरला असता. आणि त्याचे उत्तर, विमान उडेल, हे एकच आहे.