विद्यापीठाचा परिसर कोठे संपतो? : कार्बन-उत्सर्जनाच्या नियोजनाची समीक्षा

मराठीत 'परिसर' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. विद्यापीठाच्या कुंपणाआतील जमीन, इमारती व रस्ते यांना आपण परिसर म्हणतो; आणि माणसाच्या सभोवार असलेली हवा, पाणी, माती व झाडी यांनाही परिसरच म्हणतो. कार्बन-उत्सर्जन कमी करण्यासाठी विद्यापीठांकडून ज्या योजना आखल्या जातात, त्या वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. दुसऱ्या अर्थाच्या परिसराची काळजी वाहण्यासाठी निघालेले हे लेखन पहिल्या अर्थाच्या परिसरात येऊन थांबते. ते तेथे का थांबते आणि थांबल्यामुळे काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कोणा एका विद्यापीठाच्या अहवालाचे गुणदोष सांगण्याचा हेतू नाही. विचार आहे तो प्रचलित पद्धतीचा. तो करण्यासाठी उभे राहण्याचे स्थळ म्हणून बीड जिल्ह्यातील पाटोदा हा तालुका निवडला आहे.

प्रथम या पद्धतीचे श्रेय तिला दिले पाहिजे. उत्सर्जनाचा हिशेब मांडण्याची जी आंतरराष्ट्रीय रीत २००१ पासून प्रचारात आली, तिच्यात तीन वर्ग कल्पिले आहेत. संस्थेने स्वतः जाळलेल्या इंधनाचे उत्सर्जन हा पहिला. विकत घेतलेल्या विजेपोटी अन्यत्र होणारे उत्सर्जन हा दुसरा. आणि संस्थेच्या कामामुळे पण तिच्या मालकीबाहेर घडणारे उत्सर्जन, म्हणजे येणेजाणे, खरेदी, कचरा इत्यादींचे, हा तिसरा. यांपैकी पहिल्या दोन वर्गांचा हिशेब सोपा असतो, कारण त्याच्या पावत्या कार्यालयात असतात. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. देशाच्या वीजजालातील एक युनिट वापरले की सरासरी ०.७ किलोच्या आसपास. गुणाकार केला की आकडा हाती येतो. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने २०१७ मध्ये जी चौकट आखली, तिच्या सातव्या निकषाखाली सौर ऊर्जा, कमी वीज घेणारे दिवे व हरित लेखापरीक्षा यांविषयी प्रश्न घातले गेले. त्यामुळे ज्या महाविद्यालयांनी वीजबिलाकडे केवळ देणे म्हणून पाहिले होते, त्यांना ते मोजमाप म्हणून पाहावे लागले. हा लाभ लहान नव्हे.

तथापि मोजण्यास जे सोपे तेच मोजण्याजोगे, असा समज या पद्धतीतून हळूहळू दृढ होतो. तिसरा वर्ग बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. ज्या विद्यापीठात विद्यार्थी, अध्यापक, वसतिगृहे व प्रयोगशाळा एकाच आवारात नांदतात, तेथे यामुळे होणारी चूक काही प्रमाणात सहन करता येईल. आपली विद्यापीठे त्या घडणीची नाहीत. ती मुख्यत्वे संलग्नता देणारी विद्यापीठे आहेत. त्यांचे बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी शिकतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे येतात. पाटोद्यासारख्या गावच्या पदवीधराच्या पदवीपत्रावर या विद्यापीठाचे नाव असते. पण त्याने तीन वर्षे ज्या इंधनाने प्रवास केला, ते इंधन विद्यापीठाच्या आवारापुरत्या मांडलेल्या हिशेबात कोठेच उमटत नाही.

येथे इतिहासाची एक आठवण अप्रस्तुत होणार नाही. मराठवाड्यातील महाविद्यालये १९५८ पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागील अनेक कारणांपैकी अंतर हे एक कारण होते. उच्च शिक्षण या भूमीत व या भाषेजवळ यावे, अशी ती आकांक्षा होती. म्हणजे अंतर कमी करणे हे या विद्यापीठाच्या जन्माशीच निगडित असलेले कार्य होय. कार्बनचा हिशेब त्या जुन्या कार्याला आज एक नवे परिमाण देतो, एवढेच.

आता पाटोद्याकडे वळू. हा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेत, अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यातला. तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे येथील गावांना नवे नाही. तालुक्याच्या गावापासून विद्यापीठाचे स्थान सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांवर आहे. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर–बीड–परळी लोहमार्गावरून २०२५ मध्ये बीडपर्यंत गाडी धावू लागली; पण ती वाट अहिल्यानगरकडे जाते, विद्यापीठाकडे नव्हे. विद्यापीठाकडे जावयाचे तर डिझेलची बस हेच साधन.

या प्रवासाचा हिशेब ढोबळ मानाने मांडून पाहू. जाण्यायेण्याचे ३५० किलोमीटर, लिटरला पाच किलोमीटर धावणारी बस, म्हणजे ७० लिटर डिझेल व १८८ किलो उत्सर्जन. बसमध्ये ४५ प्रवासी धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार किलोंहून थोडे अधिक येते. याउलट दीड टनी वातानुकूलक यंत्र दिवसाकाठी आठ युनिटे घेते असे धरले, तर त्याचे उत्सर्जन साडेपाच किलोंच्या पुढे जाते. एका दालनातील एका दिवसाचा गारवा पाटोद्याच्या विद्यार्थ्याच्या विद्यापीठापर्यंतच्या खेपेहून भारी ठरतो. तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या अधूनमधूनच्या प्रवासाला दोष देणे हा या लेखाचा हेतू नाही, हे स्पष्ट व्हावे.

खरा प्रश्न रोजच्या प्रवासाचा आहे. समजा, तालुक्याच्या महाविद्यालयात आसपासच्या खेड्यांतून २०० विद्यार्थी दररोज पंधरा किलोमीटर अंतरावरून दुचाकीने, एकेकटे येतात. लिटरला ५० किलोमीटर धरले तर प्रत्येकाला दिवसाला ०.६ लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे २.३ किलो या दराने व २०० दिवसांच्या हिशेबाने वर्षाला माणशी सुमारे २७५ किलो उत्सर्जन होते. तेच अंतर भरलेल्या बसने कापले तर माणशी ७० किलोंच्या आसपास पुरते. या दोहोंतील फरक २०० विद्यार्थ्यांमागे चाळीस टनांचा भरतो. एका दुचाकीवर दोघे-दोघे बसले, असे धरले तरी तो तेरा टनांखाली जात नाही. याच्या शेजारी महाविद्यालयाच्या छतावरील दहा किलोवॅटचे सौर संच ठेवून पाहावे. आपल्याकडील उन्हात ते वर्षाला चौदा हजार युनिटांच्या आसपास वीज देते व दहा टनांच्या सुमारास उत्सर्जन वाचविते. संच बसविले की त्याचे छायाचित्र अहवालात छापता येते. तासिकांचे वेळापत्रक एस. टी. च्या वेळापत्रकाशी जुळविले, तर त्याचे छायाचित्र निघत नाही. पण वरील गृहीते मान्य केल्यास कार्बनच्या हिशेबात दुसरे काम पहिल्याहून मोठे ठरते. शिवाय ज्या मुलीच्या घरी दुचाकी नाही, अथवा ती चालविण्याची मोकळीक नाही, तिच्या दृष्टीने बसची वेळ हा शिक्षण चालू राहण्याचा वा सुटण्याचा प्रश्न असतो. उत्सर्जन आणि समान संधी या दोन वेगळ्या चिंता नाहीत, हे येथे दिसून येते.

यापेक्षा गंभीर असा दुसरा आक्षेप 'विद्यार्थ्यामागे उत्सर्जन' या प्रमाणाविषयी आहे. आवार व संलग्न महाविद्यालये यांची या प्रमाणाने तुलना केली, तर लहान गावचे महाविद्यालय बहुधा उजवे ठरेल. ते का उजवे ठरते, हे मात्र प्रमाण सांगत नाही. प्रयोगशाळेत उपकरणे कमी म्हणून वीज कमी. संगणक थोडे म्हणून वीज कमी. वसतिगृह नाही म्हणून पाणी तापविण्याचा प्रश्नच नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात; त्यांच्याबरोबर जाणारा विद्यार्थी कित्येक महिने वर्गात नसतो. जो वर्गात नाही तो कार्बनही खर्च करीत नाही. हिशेबाच्या वहीत त्याची अनुपस्थिती बचत म्हणून दिसते! काटकसर आणि वंचना यांत जी पद्धती भेद करू शकत नाही, तिच्या आधारे पुढील वर्षांची उद्दिष्टे ठरविणे धोक्याचे आहे. सर्व घटकांनी सारख्याच टक्क्याने उत्सर्जन घटवावे, असा आदेश निघाला तर ज्याच्याजवळ घटविण्याजोगे काही नाही त्याच्यावरच तो अधिक जाचक होईल. न्याय्य योजना पाटोद्यात वीजवापर वाढू देईल, आणि ती वाढ गृहीत धरून आवारातील घट अधिक कठोरपणे मागेल.

तिसरा आक्षेप वृक्षारोपणाविषयी. लावलेल्या रोपांची संख्या हा आपल्या अहवालांचा आवडता आकडा आहे. परंतु कार्बन शोषून घेते ते लावलेले रोप नव्हे, जगलेले झाड. ज्या तालुक्यात माणसांसाठी टँकर येतो, तेथे रोपांसाठीही टँकरच येणार असेल, तर त्या टँकरचे डिझेल हिशेबात कोठे धरावयाचे? हा मोह केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. अमेरिकेतील मिडलबरी या महाविद्यालयाने २००७ मध्ये घेतलेला संकल्प २०१६ मध्ये पूर्ण झाल्याचे, म्हणजे संस्था कार्बन-तटस्थ झाल्याचे, जाहीर केले. त्या यशात लाकडाच्या चिपांवर चालणाऱ्या ऊर्जाकेंद्राचा वाटा मोठा होता हे खरे. पण हिशेब जुळविताना संस्थेच्या मालकीच्या राखीव वनाने शोषलेला कार्बनही जमेस धरला गेला. ज्या संस्थेजवळ वडिलार्जित वन आहे तिने ते जमेस धरावे काय, हा वादाचा विषय आहे. ज्या संस्थेजवळ ते नाही तिने रोपांच्या संख्येवर विसंबू नये, याविषयी मात्र वाद नसावा.

मग योजना कशी असावी? तिला नवे साधन शोधावे लागणार नाही, असे आमचे मत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. कोणत्या गावी नवे महाविद्यालय, कोणता अभ्यासक्रम सुरू करता येईल, याची दिशा त्यात ठरते. म्हणजे विद्यार्थ्याने किती अंतर कापावयाचे, हे पुष्कळ अंशी त्याच दस्तऐवजात ठरून जाते. असे असता कार्बनची योजना एका पुस्तिकेत आणि बृहत् आराखडा दुसऱ्या पुस्तिकेत, ही फारकत कशासाठी? प्रत्येक नव्या प्रस्तावापुढे 'यामुळे किती विद्यार्थ्यांचे किती अंतर वाढते वा घटते' असा एक स्तंभ घातला, तर तिसऱ्या वर्गाच्या उत्सर्जनाला प्रथमच नियोजनात स्थान मिळेल. दाखल्याची दुरुस्ती, प्रमाणपत्र वा शोधप्रबंधाची औपचारिकता यांपैकी जे जिल्ह्याच्या ठिकाणी उरकता येईल त्यासाठी कोणाला पावणेदोनशे किलोमीटर यावे लागू नये, हाही त्याच स्तंभाचा भाग होईल.

विजेच्या बाबतीतही हीच दृष्टी उपयोगी पडते. बालाघाटाच्या पठारावर आज पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्यांची वीज वीजजालात जाते, आणि केवळ त्या आपल्या कार्यक्षेत्रात उभ्या आहेत म्हणून विद्यापीठाला त्यांचे श्रेय घेता येणार नाही. मात्र केंद्र शासनाच्या २०२२ च्या नियमांनी हरित वीज थेट उत्पादकाकडून घेण्यासाठी लागणारी किमान मागणी एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली आहे. मोठ्या आवाराला हे दार उघडे आहे. तालुक्याच्या महाविद्यालयाची मागणी मात्र बहुधा तेवढी भरत नाही. त्याच्यासाठी छतावरील सौर संच हाच मार्ग उरतो, आणि त्याला भांडवल लागते. आवाराने बाजारातून हरित वीज घ्यावी व तिच्यापासून जी बचत होईल तिचा अंश लहान महाविद्यालयांच्या छतांकडे वळवावा, अशी तरतूद योजनेत करता येईल. कोळशाच्या विजेला पाणीही लागते, याची साक्ष याच जिल्ह्याने दिली आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळशाचे प्रत्येक वाचलेले युनिट हे अवर्षणग्रस्त प्रदेशात थोडे पाणीही वाचविते.

यावर एक आक्षेप संभवतो. संलग्न महाविद्यालये स्वतंत्र संस्थांची असतात. त्यांच्या उत्सर्जनाची जबाबदारी विद्यापीठाने का घ्यावी? मालकीच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड आहे. परंतु विद्यापीठ त्यांचा अभ्यासक्रम ठरविते, परीक्षेचे दिवस ठरविते, संलग्नता देते व काढून घेते. जेथे एवढा अधिकार चालतो तेथे हिशेबापुरती जबाबदारी नाकारणे तर्काला धरून नाही. अशा वेळी दुहेरी मोजणीचे भय दाखविले जाते. पण एकच लिटर डिझेल दोन वह्यांत लिहिले गेल्याने जेवढे नुकसान होईल, त्यापेक्षा ते कोणत्याच वहीत न लिहिले गेल्याने होणारे नुकसान अधिक आहे.

भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे अभिवचन दिले. त्या वर्षापर्यंत विद्यापीठांच्या अनेक पिढ्या बाहेर पडतील, आणि त्यांतील पुष्कळ जण पाटोद्यासारख्या गावांतून आलेले असतील. त्यांच्या विद्यापीठाने आपला परिसर कोठपर्यंत मानला, हे ठरविण्याची वेळ योजना आखतानाचीच आहे. कुंपणाशी हिशेब थांबविणारी योजना आकड्यांनी कितीही शुद्ध असली, तरी ती विद्यापीठाची योजना म्हणता येणार नाही. ती एका वसाहतीची योजना होईल.