हिटलरची मिशी कोणी काढली? गेमच्या आवृत्त्यांची तुलना करताना

संशोधनासाठी विषय शोधत असाल, तर ‘व्हिडिओ गेम आणि सेन्सॉरशिप’ या विषयाचा मोह पडणं साहजिक आहे. साहित्य हाताशी असतं, चित्रं बोलकी असतात आणि निष्कर्ष तर आधीच तयार! डावीकडे अमेरिकी आवृत्तीचा स्क्रीनशॉट, उजवीकडे जर्मन किंवा जपानी आवृत्तीचा, आणि खाली एक वाक्य: ‘तिथल्या सरकारने हे कापलं.’ असे तुलनेचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने सापडतात.

पण हे वाक्य प्रबंधात जसंच्या तसं उतरवू नका. त्यातला ‘सरकारने’ हा शब्द तपासायला हवा आणि ‘कापलं’ हाही. का, ते दोन गेम घेऊन बघू.

पहिला गेम ‘वोल्फेनस्टाइन २: द न्यू कोलोसस’, २०१७ सालचा. कथा अशी, की दुसरं महायुद्ध नाझींनी जिंकलंय, अमेरिका त्यांच्या ताब्यात आहे आणि ब्लाझकोविट्झ हा नायक त्यांच्याशी लढतोय. नायकाची आई ज्यू आहे. एका प्रसंगात म्हातारा, आजारी, भ्रमिष्ट हिटलर समोर येतो. जर्मन आवृत्तीत या हिटलरला मिशी नाही. त्याचं नाव ‘हायलर’ आहे आणि लोक त्याला ‘फ्युरर’ऐवजी ‘चॅन्सेलर’ म्हणतात. स्वस्तिकाच्या जागी दुसरंच चिन्ह आहे आणि नाझींना ‘राजवट’ म्हटलंय. एवढंच नाही, तर ज्यूंचे उल्लेखही गाळलेत किंवा बदललेत.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ घटनाविरोधी संघटनांची चिन्हं वापरायला मनाई करतं. ‘वोल्फेनस्टाइन ३डी’ हा जुना गेम याच कारणावरून १९९४मध्ये जप्त झाला होता. पण या कायद्यात कला, संशोधन, अध्यापन अशा कामांसाठी सूट आहे. ‘इनग्लोरियस बास्टर्ड्‌स’ हा चित्रपट २००९मध्ये जर्मनीत स्वस्तिकांसकट दाखवला गेला तो त्यामुळेच. गेमना मात्र ही सूट मिळत नव्हती, कारण १९९८च्या फ्रँकफर्टच्या एका निकालानंतर गेममध्ये अशी चिन्हं चालणार नाहीत असंच सगळे धरून चालले होते. वयोमानांकन देणारी ‘यूएसके’ ही संस्था असे गेम तपासायलाच घेत नव्हती. मानांकन नाही म्हटल्यावर दुकानात जागा नाही, वर जप्तीची टांगती तलवार. प्रकाशकाने स्वस्तिक काढलं यात नवल नाही.

पण ज्यूंचे उल्लेख? कलम ८६अ चिन्हांबद्दल आहे. नाझींनी कोणाला मारलं ते सांगू नका, असं ते कुठेही म्हणत नाही. ही कात्री सरकारची नव्हे, प्रकाशकाची आहे. धोका नको म्हणून कुंपण जरा लांबच घातलं, आणि त्या कुंपणाबाहेर नाझींचे बळीच राहिले. नाझींचं उदात्तीकरण थांबवायला केलेल्या कायद्याच्या सावलीत अशी आवृत्ती तयार झाली, की जर्मन मुलांना खलनायक दिसतो, पण त्याने नेमकं काय केलं ते दिसत नाही. गेमवरची माझी खरी तक्रार ही आहे. मिशीवरून हसणं सोपं आहे, पण मिशी हा त्यातला सगळ्यात किरकोळ बदल होता.

पुढे ९ ऑगस्ट २०१८ला यूएसकेने जाहीर केलं, की यापुढे अशा प्रत्येक गेमचा स्वतंत्रपणे विचार होईल. १९३३ नंतरच्या बर्लिनमधल्या सामान्य माणसांच्या प्रतिकारावरचा ‘थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स’ हा गेम स्वस्तिकांसह दाखवता आला. गंमत म्हणजे कायद्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलली ती वापरायची रीत. म्हणून फक्त कायद्याचा मजकूर वाचून निष्कर्ष काढणाऱ्याच्या हातून इथे निम्मी गोष्ट निसटते.

दुसरा गेम ‘फॉलआउट ३’, २००८ सालचा. अणुयुद्धानंतर बेचिराख झालेल्या अमेरिकेत तो घडतो. या एका गेमला तीन देशांत तीन वेगळे अनुभव आले.

ऑस्ट्रेलियात त्याला आधी मानांकन नाकारलं गेलं. गेममध्ये मॉर्फिन हे खरं औषध होतं आणि ते वापरल्यावर खेळाडूला फायदा व्हायचा. तेव्हा तिथे गेमसाठी सगळ्यात वरचं मानांकन १५ वर्षांपर्यंतचंच होतं. प्रौढांसाठीचा वर्ग २०१३मध्ये आला. प्रकाशकाने मॉर्फिनचं ‘मेड-एक्स’ केलं, पण फक्त ऑस्ट्रेलियासाठी नाही, जगभर. म्हणजे तुमच्या तक्त्यात डावीकडे ‘मूळ’ म्हणून लिहिलेली अमेरिकी आवृत्तीसुद्धा ऑस्ट्रेलियाच्या आक्षेपानंतरच घडलेली आहे. मग मूळ कोणती आणि कापलेली कोणती? दोन रकान्यांचा तक्ता इथे कोलमडतो.

जपानची गोष्ट वेगळी. या गेममध्ये मेगाटन नावाचं गाव आहे, आणि गावाच्या मधोमध न फुटलेला अणुबॉम्ब. मिस्टर बर्क नावाचा माणूस तो फोडण्यासाठी तुम्हाला पैसे देऊ करतो. तुम्ही हो म्हणालात, तर दूरच्या एका आलिशान इमारतीच्या गच्चीतून बटण दाबायचं आणि गाव नाहीसं होताना बघायचं. जपानी आवृत्तीतून बर्क गेला आणि त्याच्यासोबत बॉम्ब फोडायचा पर्यायही गेला. ‘फॅट मॅन’ या शस्त्राचं नावही बदललं, कारण नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचं नाव तेच होतं.

याला नुसतं ‘सेन्सॉर’ म्हणून पुढे जाऊ नका. बाजू दोन आहेत. एक, गाव वाचवण्याला नैतिक वजन येतं ते गाव उडवणंही शक्य असतं म्हणून. पर्याय काढला की प्रसंगाचा अर्थ पातळ होतो. दोन, अणुस्फोट हे गच्चीतून बघायचं दृश्य आहे, ही कल्पना ज्यांच्यावर बॉम्ब पडलाच नाही त्यांनाच सुचू शकते. जपानी आवृत्ती कळत-नकळत मूळ गेमवर टीका करते. मला दुसरी बाजू जास्त पटते. तुम्हाला पहिली पटली तरी चालेल, पण बाजू घ्या आणि कारण द्या. फरकांची यादी कोणीही करेल. त्या फरकांचा अर्थ लावणं हे संशोधकाचं काम.

आणि भारत? ऑक्टोबर २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की भारतातली सांस्कृतिक संवेदनशीलता लक्षात घेऊन हा गेम इथे आणणार नाही. कोणती संवेदनशीलता, ते सांगितलं नाही. गेममध्ये किरणोत्सर्गाने दोन डोकी झालेल्या गायी आहेत, त्यांचं नाव ‘ब्राह्मिन’. तेच कारण असणार, असं तेव्हापासून बोललं जातं. तर्क पटण्यासारखा आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, तेव्हा प्रबंधात ‘असा तर्क केला गेला’ एवढंच लिहा. आणखी एक: ‘भारताने बंदी घातली’ असं तर अजिबात लिहू नका. इथलं सेन्सॉर बोर्ड चित्रपटांचं आहे, गेमचं नाही. कोणी आदेश दिला नव्हता. कंपनीने आपल्या रागाचा आधीच अंदाज बांधला आणि दुकान उघडलंच नाही. कोणी हुकूम न देताच ही सेन्सॉरशिप झाली, म्हणून तिचा कागद कुठल्याच दप्तरात सापडत नाही. अभ्यास करायला हीच सगळ्यात अवघड.

तेव्हा दोन आवृत्त्यांत फरक दिसला की चार प्रश्न विचारा. निर्णय कोणाचा: कायद्याचा, मानांकन संस्थेचा, प्रकाशकाचा की भाषांतरकाराचा? त्याचा कागद काय आहे: आदेश, निवेदन की नुसती चर्चा? तुम्ही बघताय ती आवृत्ती कोणत्या देशातली आणि कोणत्या अपडेटनंतरची? आणि बदलामुळे अर्थाचं काय झालं? पहिले तीन प्रश्न सोडवल्याशिवाय चौथ्याला हात घालू नका.

सरावासाठी घरचंच उदाहरण घ्या. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंदी आली. कारणं दिली होती सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था. २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला, तेव्हा त्यातलं रक्त हिरवं झालं होतं. बंदीच्या कारणांत रक्ताच्या रंगाचा विषयच नव्हता. मग हा हिरवा रंग कोणाची समजूत काढायला आला? पालकांची, सरकारची, की कंपनीच्या स्वतःच्या भीतीची? वरचे चार प्रश्न घेऊन बसा आणि एक पान लिहून काढा. ‘सरकारने कापलं’ हे वाक्य न वापरता पान पूर्ण झालं, तर विषय तुमच्या हाताला लागलाय असं समजा.