प्लॉटची विंडो गोठली की डेटाला दोष देऊ नका

पायथनमधून आर चालवता येतं हे कळल्यावर मी भलतीच खूश झाले होते. डेटा साफ करायला पायथन, आलेखाला आर आणि दोघांना जोडायला आरपीवाय-टू. लिनक्सवर पहिला प्लॉट आलाही. मोठा करावा म्हणून विंडोचा कोपरा ओढला, तर आतलं सगळं पांढरंफटक! क्लिकला दाद नाही, आणि एररही नाही.

तुमचंही असं झालं असेल, तर मी काय घोळ घातला ते आधी वाचा. माझा डेटा नदीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचा: दर पाच मिनिटांनी एक नोंद, वर्षाच्या १,०५,१२०. एवढे ठिपके झेपत नसणार असं मीच ठरवलं आणि दर दहावी नोंद ठेवून बाकीच्या गाळल्या. विंडो तरीही गोठलीच. पण विरळ केलेली फाइल तशीच राहिली आणि तिच्यातला आलेख ग्रुप मीटिंगला गेला. पन्नास मिनिटांना एक ठिपका, त्यात अर्ध्या तासाची घसरण कशी सापडणार? गाईडनीच विचारलं, "अगं, त्या रात्रीचा खड्डा कुठे गेला?"

खरं कारण डेटात नव्हतंच. विंडो ओढली, झाकली, तिच्यावर क्लिक केलं की प्रत्येक वेळी एक निरोप तयार होतो, ज्याला 'इव्हेंट' म्हणतात. तो वाचून कुणीतरी विंडो पुन्हा रंगवावी लागते. एरवी आर प्रॉम्प्टवर तुमची वाट बघत बसलेलं असतं, तेव्हा हे काम ते गुपचूप उरकतं. पायथनच्या पोटात गेल्यावर प्रॉम्प्ट पायथनचा होतो. आर बोलावलं की उठतं, प्लॉट काढतं आणि पुन्हा गप्प बसतं. निरोप नुसते साचत राहतात.

पटत नसेल तर करून बघा. प्लॉट काढून पायथनचं 'टाइम.स्लीप' दहा सेकंद चालवा, विंडो ढिम्म. आता पायथनमधूनच आरचं 'सिस.स्लीप' दहा सेकंद चालवा, विंडो जिवंत! दोन्हींचं नाव झोप, पण आर झोपेतही अधूनमधून उठून इव्हेंट बघतं. त्यामुळे 'थोडा स्लीप टाका' हा सल्ला अर्धवट आहे. कुठल्या भाषेचा स्लीप, हाच तर प्रश्न आहे.

दुसरा सल्ला, 'सरळ पीडीएफ काढा'. थीसिसमधल्या आकृतीसाठी बरोबर आहे, मीही तेच करते. पण डेटा चाचपताना विंडो ओढून-ताणून बघायची असते, तिथे हा पळ काढणं झालं.

तिसरा, 'मागे वेगळा थ्रेड लावून इव्हेंट वाचत राहा'. दिसायला सगळ्यात देखणा, पण मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. आरचा गाभा एका वेळी एकाच थ्रेडने वापरावा असा बनलाय. मुख्य थ्रेड आरमध्ये गणित करत असताना दुसरा आत शिरला, तर अख्खा प्रोग्राम कोसळू शकतो.

मी निवडलेला उपाय साधा आहे. आरपीवाय-टूमध्ये इव्हेंट वाचायला एक फंक्शन आहे: प्रोसेस, अंडरस्कोअर, मग आर-इव्हेंट्स. मुख्य थ्रेडमध्येच एक लूप, त्यात हे फंक्शन आणि ०.१ सेकंदाचा पायथन-स्लीप. लूप चालू असेपर्यंत दुसरं काम होत नाही, हा तोटा मान्य. पण प्लॉट बघताना मला दुसरं काम नसतंच.

आरपीवाय-टूबद्दल तक्रार एवढीच की माहिती कागदपत्रात आहे, पण विंडो उघडताना एका ओळीची सूचना येत नाही. नवख्या माणसाला 'प्रोग्राम अडकला' आणि 'इव्हेंट कुणी वाचत नाहीये' यातला फरक कळणार कसा? एरर नसली की आपण समोर दिसेल त्यावर संशय घेतो, आणि समोर असतो डेटा.

मी पूर्ण १,०५,१२० नोंदींचा आलेख पुन्हा काढला. विंडो व्यवस्थित चालली आणि खड्डाही जागेवर होता. आता माझा नियम असा: नोंदी गाळण्याआधी दहा ठिपक्यांचा प्लॉट काढायचा. तोही गोठला, तर डेटाला हात लावायचा नाही.