डोनाल्ड ॲपलयार्ड यांचे 'लिव्हेबल स्ट्रीट्स' : निवासी रस्त्यांवरील वाहतूक व सुरक्षितता यांची चिकित्सा

प्रस्तावना :
रस्ता म्हणजे वाहनांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी वाट, एवढाच अर्थ वाहतूक अभियांत्रिकीने दीर्घकाळ गृहीत धरला. मराठीतील आळी, पेठ, गल्ली हे शब्द मात्र वाटेबरोबर तेथील वस्तीचाही बोध करून देतात. रस्त्याच्या या दुसऱ्या अर्थाला नगररचनाशास्त्रात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या ग्रंथांमध्ये डोनाल्ड ॲपलयार्ड (१९२८-१९८२) यांच्या 'लिव्हेबल स्ट्रीट्स' (१९८१) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. निवासी रस्त्याची सुरक्षितता कशावरून ठरवावी, या प्रश्नाच्या अनुषंगाने या ग्रंथाचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
ब्रिटनमध्ये १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉलिन ब्युकॅनन यांच्या 'ट्रॅफिक इन टाउन्स' या अहवालाने एक मूलभूत विचार मांडला होता. रस्त्यावरून किती वाहने जाऊ शकतात, यापेक्षा तेथील जीवनमान न बिघडता किती वाहने जाऊ द्यावीत, हा प्रश्न त्याने महत्त्वाचा मानला. ॲपलयार्ड यांचा प्रवास मात्र दुसऱ्या टोकापासून सुरू झाला. केव्हिन लिंच व जॉन मायर यांच्यासह लिहिलेल्या 'द व्ह्यू फ्रॉम द रोड' (१९६४) या ग्रंथात त्यांनी महामार्गाचा विचार धावत्या मोटारीतील माणसाच्या नजरेने केला होता. पुढे बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी घराच्या उंबरठ्यावरून रस्त्याकडे पाहिले. दृष्टिकोनाचे हे स्थलांतर हेच 'लिव्हेबल स्ट्रीट्स'चे खरे मर्म होय.

अभ्यासाचे स्वरूप :
ग्रंथाचा गाभा असलेला सॅन फ्रान्सिस्को येथील तीन रस्त्यांचा अभ्यास ॲपलयार्ड व मार्क लिंटेल यांनी १९७२ साली प्रथम प्रसिद्ध केला. या रस्त्यांवरून दररोज अनुक्रमे सुमारे २,०००, ८,००० व १६,००० वाहने जात. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर प्रत्येक रहिवाशाचे त्याच रस्त्यावर सरासरी ३.० मित्र व ६.३ परिचित होते. जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर हे प्रमाण अनुक्रमे ०.९ व ३.१ एवढेच आढळले. 'आपले घर कोठपर्यंत?' हे रहिवाशांनी नकाशावर दाखवले, तेव्हा पहिल्या रस्त्यावरील लोकांनी जवळजवळ सारा रस्ता आपला मानला. तिसऱ्या रस्त्यावरील लोकांचे घर स्वतःच्या दाराशीच संपले. ज्याला आपण 'अंगण' म्हणतो, त्याचा झालेला हा संकोच मोजून दाखवणे ही या अभ्यासाची मोठी देणगी होय.

चिकित्सा :
या निष्कर्षांना मर्यादा आहेत. प्रत्येक रस्त्यावर केवळ बारा रहिवाशांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. शिवाय कमी वाहतुकीच्या रस्त्यावर मुलाबाळांची कुटुंबे अधिक होती व त्यांचे तेथील वास्तव्यही दीर्घकाळचे होते. अशा ठिकाणी स्नेहसंबंध स्वाभाविकपणेच अधिक असणार. त्यामुळे मैत्रीतील सारी तफावत वाहतुकीच्या पदरी टाकता येत नाही. जोशुआ हार्ट यांनी २००८ साली ब्रिस्टल येथे याच धर्तीवर केलेल्या अभ्यासात मित्रांची सरासरी कमी वाहतुकीच्या रस्त्यावर ५.३५, तर जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर १.१५ आढळली. या पुनःप्रत्ययाने मूळ निष्कर्षाला बळकटी येते. पण तुलना पुन्हा तीन रस्त्यांचीच असल्याने कार्यकारणभावाचा पेच पूर्णतः सुटत नाही.

तथापि, या मर्यादेतूनच ग्रंथाचा अधिक मोलाचा विचार पुढे येतो. वाहतूक वाढली की ज्यांना शक्य असते ते, विशेषतः लहान मुले असलेली कुटुंबे, दुसरीकडे जातात आणि उरलेले जुळवून घेतात. अशा रस्त्यावर तक्रारी कमी झाल्या, तर त्याचा अर्थ त्रास कमी झाला असा होत नाही. हाच न्याय अपघातांच्या आकडेवारीलाही लागू पडतो. मेयर हिलमन, जॉन ॲडम्स व जॉन व्हाइटलेग यांनी 'वन फॉल्स मूव्ह' (१९९०) मध्ये इंग्लंडमधील सात-आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास मांडला. मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण १९७१ मधील ८० टक्क्यांवरून १९९० मध्ये ९ टक्क्यांवर आले होते. याच काळात रस्त्यावरील बालमृत्यू घटले; परंतु त्याचे श्रेय सुरक्षित रस्त्यांना देण्यापूर्वी मुले रस्त्यावरूनच नाहीशी झाली होती, हे लक्षात घ्यावे लागते.

उपाययोजनांच्या बाबतीत ग्रंथ अधिक वादग्रस्त ठरतो. बर्कले शहराने १९७५ साली निवासी रस्त्यांवर वाहने वळवणारे अडथळे मोठ्या प्रमाणावर उभारले. ते काढून टाकण्यासाठी १९७६ व १९७७ साली झालेले मतदानाचे प्रयत्न अयशस्वी ठरले. पण १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराला राज्याच्या कायद्यानुसार तसा अधिकार नसल्याचा निर्णय दिला. पुढे कायद्यात बदल करून असे अडथळे वैध करण्यात आले. एका गल्लीतून हटवलेली वाहने शेजारच्या मुख्य रस्त्यावर जाणार असतील, तर तेथील रहिवाशांचे काय, हा यातील नैतिक प्रश्न आहे. जास्त वाहतुकीच्या रस्त्याचे दुःख ज्या ग्रंथाने मांडले, त्यानेच या प्रश्नाची अधिक सखोल चर्चा करणे अपेक्षित होते. नेदरलँड्समध्ये १९७६ साली कायदेशीर मान्यता मिळालेल्या 'वूनर्फ' या रचनेत वाहनांना प्रवेश असतो. मात्र त्यांना अतिशय मंद गतीने चालावे लागते. केवळ वाट अडवण्यापेक्षा गती कमी करण्याचा हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

निष्कर्ष :
१. निवासी रस्त्याचे मूल्यमापन वाहनसंख्येबरोबर रहिवाशांच्या परस्परसंबंधांवरूनही करता येते, हे ॲपलयार्ड यांनी दाखवून दिले.
२. लहान नमुना व रहिवाशांच्या पार्श्वभूमीतील फरक यांमुळे त्यांचे आकडे सूचक मानावेत, निर्णायक नव्हे.
३. तक्रारींचा व अपघातांचा अभाव हा सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही. रस्त्यावर मुले व वृद्ध निर्धास्तपणे वावरतात काय, हीच खरी कसोटी होय.
४. एका रस्त्याची शांतता दुसऱ्या रस्त्याच्या माथी मारणारी योजना अपुरी ठरते.

ग्रंथ प्रकाशित झाल्यानंतर वर्षभरातच, १९८२ साली, अथेन्स येथे एका भरधाव मोटारीच्या धडकेने ॲपलयार्ड यांचा मृत्यू झाला. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र आजही नगररचनेच्या अभ्यासकांपुढे कायम आहे.