इन्स्टॉल फाइलचे टीकात्मक वाचन: विंडोजवर सोर्समधून बिल्ड

जीएनयू पॅकेजचा सोर्स उतरवून घेतला की त्यात बहुधा इन्स्टॉल नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. एरवी आपण ती नुसती चाळतो. या टिपणात ती एक लेखन म्हणून वाचू.

सुरुवातीलाच कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल या तीन आज्ञा येतात. भाषा स्वच्छ आहे, आणि यंत्रायंत्रांतील फरक कॉन्फिगर स्वतःच शोधून काढील असा भरवसा आहे. युनिक्सवर तो बहुधा खरा ठरतो. विंडोजवर पहिलीच आज्ञा अडते, कारण कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट आहे आणि कमांड प्रॉम्प्टला ती चालवता येत नाही. पुढे विशिष्ट प्रणालींचा विभाग आहे. एचपी-यूएक्स, सोलारिस, इतकेच काय, मोजक्या लोकांच्या वापरातल्या हायकूलाही तेथे जागा आहे. विंडोजचे नाव नाही. ‘ड्राइव्हला अक्षरे असणाऱ्या प्रणाली’ असा ओझरता उल्लेख सापडतो, तोही डेस्टडिरची पद्धत तेथे चालत नाही हे सांगण्यापुरता.

हा विसरभोळेपणा नव्हे. विंडोजसारख्या प्रणालींना आधार देण्यात फार श्रम जात असतील, तर तो वेळ जीएनयूवर उपयोगी पडणाऱ्या सुविधांना द्यावा, असे जीएनयूच्या कोडिंग मानकांत उघड म्हटले आहे. त्या धोरणाशी माझे भांडण नाही. आक्षेप एवढाच, की इन्स्टॉल फाइल ते सांगत नाही. मग एरर आली की विद्यार्थी दोष स्वतःकडे घेतो.

शिवाय ‘विंडोजवर कंपाइल करणे’ ही एक गोष्ट नाहीच. सिग्विनमध्ये केलेला प्रोग्राम सिग्विन१.डीएलएलवर अवलंबून असतो. ती फाइल नसलेल्या मित्राच्या संगणकावर तो उघडत नाही. मिनजीडब्ल्यू थेट विंडोजचा प्रोग्राम बनवते, पण तिच्या सी++ लायब्ररी मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरशी जुळत नाहीत, कारण फंक्शनांची नावे दोघे वेगळ्या रीतीने रचतात. एमएसवायएस२ मध्ये तर चुकीची शेल उघडली तरी बिल्ड पूर्ण होतो, आणि प्रोग्राम एमएसवायएसच्याच डीएलएलला बांधला गेल्याचे नंतर कळते. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की मेक त्याचे दोन शब्द समजते. वापरकर्त्याचे नाव आणि आडनाव मिळून फोल्डर बनलेले संगणक तुम्ही पाहिलेच असतील.

हे सारे किरकोळ वाटेल. पण १९९१ च्या जीपीएल आवृत्ती २ ने ‘संपूर्ण सोर्स’ या व्याख्येत कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टही धरल्या आहेत. म्हणजे बिल्ड हा बदल करण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. ज्यांच्या लॅबमध्ये फक्त विंडोज आहे, त्यांच्या हाती तो हक्क कागदावरच राहतो.

कर्ल प्रकल्पाची इन्स्टॉल फाइल शेजारी ठेवून पाहा. तिच्यात विंडोजचा स्वतंत्र विभाग आहे, आणि सी रनटाइम डीएलएलमध्ये स्थिरपणे जोडू नये असा इशाराही आहे. गद्य म्हणून ती जीएनयूच्या फाइलइतकी घोटीव नाही, काही ठिकाणी तर ठिगळे स्पष्ट दिसतात. तरी विंडोजवर बसलेल्या वाचकाने तीच आधी उघडावी.