आजोबा निवडण्याची मुभा

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरे उघडली. आमच्या परभणी जिल्ह्यातही खासरा पत्रके, पाहणी पत्रके, शाळांची रजिस्टरे यांवरची धूळ झटकली गेली. निजामी अमदानीतले उर्दू आणि मोडी वाचू शकणाऱ्या म्हाताऱ्यांना एकाएकी मोल आले. पणजोबाच्या नावापुढे ‘कुणबी’ हा शब्द सापडतो का, एवढाच शोध. त्याच दिवसांत मी मेरी वॉटर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचे १९९० चे ‘एथ्निक ऑप्शन्स’ हे पुस्तक पुन्हा वाचत होतो. गोरे अमेरिकन आपले मूळ कसे सांगतात, हा त्याचा विषय. वाचता वाचता मला माझाच तालुका दिसू लागला.

वॉटर्सबाईंनी सॅन होजे आणि फिलाडेल्फिया यांच्या उपनगरांतल्या ६० गोऱ्या कॅथलिकांना गाठले. उत्तरे मोठी मजेची आहेत. घराण्यात आयरिश, जर्मन, इंग्लिश असे तीन-चार धागे असतात. माणूस त्यातला एखादा उचलतो, बाकीचे सोडून देतो. आयरिश म्हणवणारा सेंट पॅट्रिकच्या दिवशी हिरवा सदरा घालतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातो. त्याचे आयरिशपण ना घरमालक विचारतो, ना सोयरिकीत आडवे येते. हर्बर्ट गॅन्स यांनी १९७९ मध्येच याला प्रतीकात्मक वांशिकता म्हटले होते. ही ओळख किती सैल असते पाहा: १९८० च्या जनगणनेत सुमारे ४ कोटी ९६ लाख लोकांनी आपले मूळ इंग्लिश सांगितले. १९९० च्या अर्जात नमुन्यादाखल छापलेल्या नावांतून ‘इंग्लिश’ गळले, आणि आकडा ३ कोटी २७ लाखांवर आला! दहा वर्षांत दीड कोटींहून अधिक माणसांचे पूर्वज हरवले, आणि कोणाला चुटपूट लागली नाही.

काळ्या माणसाला अशी मुभा कधीच नव्हती. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्याने रक्ताचा एक थेंबही काळा असेल तर माणूस गोरा नव्हे असे ठरवले. पण त्याच कायद्यात एक खिडकी ठेवली. आदिवासी रक्ताचा सोळावा हिस्सा चालेल, कारण तिथल्या बड्या गोऱ्या घराण्यांना आपण पोकाहोंटसचे वंशज असल्याचा अभिमान होता. आदिवासी पणजी हा अलंकार आणि काळी पणजी हा कलंक, हे ठरवणारा हात एकच होता. हा कायदा १९६७ पर्यंत टिकला.

वॉटर्सबाईंवर माझा आक्षेप एवढाच, की ही मुभा ज्यांना नाही त्यांची गोष्ट त्या फार उशिरा, शेवटाकडे काढतात. मॅथ्यू जेकबसन यांचे २००६ चे ‘रूट्स टू’ अधिक धीट आहे. नागरी हक्कांच्या लढ्यानंतर गोऱ्यांना एकाएकी स्थलांतरित आजोबा का आठवले, हे ते विचारतात. आमचे आजोबा गुलामगिरी संपल्यावर बोटीतून आले, त्यांनीही हाल सोसले, मग आमच्याकडे हिशेब कसला मागता? मूळ सांगणे ही अशी पळवाटही होते. हा सूर आपल्या कानांना नवा नाही.

गंमत अशी, की गोऱ्यांच्या या शोधाला मोठा जोर मिळाला तो एका काळ्या लेखकाच्या पुस्तकाने. ॲलेक्स हॅलेचे ‘रूट्स’ १९७६ मध्ये आले. त्यातली वंशावळ पुढे तपासात टिकली नाही, हे कबूल केले पाहिजे. पण ती का टिकू नये? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावेच बहुधा नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग, वर्ण एवढेच. नाव येते ते १८७० मध्ये. त्यापलीकडे भिंत आहे. आपली आत्मकथने आजोबा-पणजोबांपाशी का थांबतात, हे मला या भिंतीपाशी उमगले. कुलवृत्तान्त वरच्यांचे छापले गेले. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) तर बापाचे नाव लिहितानाच शाळा अडते.

पूर्वज आम्हीही निवडले, हे मी लपवणार नाही. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांचे मूळ बौद्धांत शोधले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला आम्ही ते पत्करले. १९७२ मध्ये पँथरने समुद्रापलीकडचे भाऊबंद निवडले. पण १९७८ च्या जुलैअखेर नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात, आमच्या जिल्ह्यातही, वस्त्यांवर हल्ले झाले; तेव्हा तुमचा निवडलेला पूर्वज कोण, असे कोणी विचारले नाही. गावाला आमची जुनी जात पाठ होती. सरकारलाही तीच लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण दाखल्यासाठी आजोबाच्या नावापुढचा ‘महार’ शोधून आणावा लागतो, तोही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. जे आजोबांनी टाकले तेच नातवाने जपून ठेवायचे.

मग कुणबी नोंदी शोधणारा शेतकरी त्या हिरव्या सदऱ्याच्या आयरिशासारखा आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कापूस-सोयाबीनच्या भावाने मोडलेल्या कोरडवाहू घराचा हा शोध हौसेचा नाही. जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना कुणबी, माळी, धनगर यांना एका रांगेत उभे केले होते. त्या रांगेतून सरकण्यासाठी पुढच्या पिढ्यांनी क्षत्रियत्व मिरवले. आता २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार देऊन परतीची वाट दाखवली आहे. आरक्षणाच्या न्यायाचा वाद इथे उकरत नाही. मला दिसते ते एवढेच, की त्याच घरच्या लग्नपत्रिकेवर शहाण्णव कुळी आणि दाखल्यावर कुणबी ही दोन्ही नावे सुखाने नांदू शकतात. आमच्याकडे दोन्ही कागदांवर एकच नाव वाचले जाते.

मागे वर्गात मी ‘अक्करमाशी’ शिकवत होतो. तास संपल्यावर एका पोराने मोबाईल पुढे केला. त्यात पणजोबाच्या नोंदीचा फोटो होता. ‘कुणबी’ या शब्दाभोवती लाल गोल काढलेला. “सर, सापडलं!” पोरगा खूश होता, मलाही बरे वाटले. त्याच बाकावरच्या दुसऱ्या पोराकडे आजोबाच्या शाळेचा उतारा होता, हे मला ठाऊक होते, कारण तो मिळवायला मीच त्याच्याबरोबर दोनदा गेलो होतो. त्याने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून दप्तराच्या तळाशी ठेवला होता. मित्राचा फोटो त्याने नीट पाहिला, मोबाईल परत दिला. दप्तर काही त्याने उघडले नाही.